माझी स्पर्धा माझ्याशीच (आणि थोडी त्याच्याशी)

ट्रायथलॉन करणाऱ्या कुणालाही विचारा, तुमची स्पर्धा कोणाशी? तो क्षणभर थांबतो, नजर लांब कुठेतरी लावतो आणि गंभीर आवाजात सांगतो, ‘माझी स्पर्धा फक्त माझ्याशीच.’ ऐकणाऱ्याला वाटतं, काय ही साधना! प्रत्यक्षात तो लांब बघत असतो, कारण शंभर मीटर पुढे त्याचा सरावाचा जोडीदार चाललेला असतो आणि तो आज एवढा जोरात का सुटलाय, हे कोडं याला सुटलेलं नसतं.

हा जोडीदार म्हणजे या खेळातला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात संशयास्पद प्राणी. पूर्ण पल्ल्याच्या आयर्नमॅन ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल मारायची आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही तर ४२.२ किलोमीटर धावायचं. सगळं साधारण १७ तासांच्या आत. त्यासाठी कित्येक महिने पहाटे उठावं लागतं. घरचे पहिल्या महिन्यात कौतुक करतात, दुसऱ्या महिन्यात सहन करतात, तिसऱ्यापासून विषय बदलतात. मग उरतो कोण? पहाटे पावणेपाचला हेल्मेट घालून कोपऱ्यावर उभा असलेला तो. आपलं पंक्चर, आपलं पोट, आपल्या पायाचे गोळे, सगळं त्याला ठाऊक. कार्बनच्या सायकलीची खरी किंमतही त्यालाच ठाऊक. बायकोला सांगितलेली किंमत वेगळी. ती लक्षात ठेवून ऐन वेळी तिच्यासमोर बिनचूक तोच आकडा सांगणारा साक्षीदारही तोच. अशा माणसाचं भलं व्हावं, असं अगदी मनापासून वाटतं. फक्त आपल्यानंतर. दोन मिनिटांनी.

महाराष्ट्रात हे प्रकरण आता नवं राहिलेलं नाही. २०१५ मध्ये मिलिंद सोमण पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिकची आयर्नमॅन पुरी करून आले आणि चाळिशीतल्या समस्त पुरुषांची ‘आता वय झालं’ ही शेवटची सबब गेली. २०१९ मध्ये गोव्याच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या पल्ल्याची स्पर्धा सुरू झाली आणि मित्राकडून हरण्यासाठी व्हिसा काढायची गरजही संपली. आज पुण्याच्या बोपदेव घाटात रविवारी पहाटे गेलात, तर हाडांचे डॉक्टर, सीए, बिल्डर आणि आयटीवाले एकमेकांना हसतमुखानं ‘गुड मॉर्निंग’ करत एकमेकांचा जीव काढताना दिसतील.

आदल्या रात्रीचे निरोप

लांब राईडच्या आदल्या रात्री ग्रुपवर पडलेले निरोप वाचण्यासारखे असतात. ‘आठवडाभर झोपच नाही रे.’ ‘पाय मेलेत पार.’ ‘उद्या निवांत जाऊ, गप्पा मारत.’ दहावीच्या पेपराआधी वर्गाबाहेर ‘माझं काहीच झालं नाही’ म्हणून डोळ्यांत पाणी आणणारी आणि निकालात बोर्डात झळकणारी जी मुलं होती, ती मोठी होऊन सायकली घेऊन रस्त्यावर आली आहेत.

गप्पा घाटाच्या पायथ्यापर्यंतच टिकतात. पहिल्या वळणावर एकाचं पुढचं चाक दुसऱ्याच्या पुढच्या चाकापेक्षा चार बोटं पुढे सरकतं. कोणी काही बोलत नाही. दुसरा चार बोटं भरून काढतो आणि वर दोन बोटं जास्तीची घालतो. दोघंही तोंड मिटून नाकानं श्वास घेतात, कारण धाप ऐकू गेली तर भाव पडतो. वर पोचल्यावर पहिला म्हणतो, ‘आज मी सोडूनच दिलं होतं.’ दुसरा म्हणतो, ‘मीपण.’ मग दोघंही हँडलवर वाकून पाच मिनिटं निसर्ग बघतात.

कोल्हापुरात हीच लबाडी जास्त मोकळेपणानं चालते. ‘काय भावा, पन्हाळा किती मिनिटांत?’ ‘मिनिटं कसली मोजतोस, मिसळ खायला गेल्तो.’ मिसळ खरी असते. मिसळीआधी गडी पन्हाळा दोनदा चढून उतरलेला असतो, हे संध्याकाळी स्ट्राव्हा ॲपवर कळतं. तेही तो लपवायला विसरला असेल तर.

स्ट्राव्हावर आपला सराव सगळ्या जगाला दाखवता येतो आणि फक्त स्वतःपुरता ठेवायचीही सोय आहे. ही दुसरी सोय ज्यानं शोधली, त्यानं मैत्रीचा अभ्यास नीट केलेला असणार. सकाळी ग्रुपबरोबर केलेली पाच किलोमीटरची सुस्त धाव सगळ्यांसाठी खुली. संध्याकाळी ऑफिसातून परस्पर जाऊन ट्रॅकवर मारलेले हजार हजार मीटरचे दहा फेरे मात्र कुलपात. कुडोस, म्हणजे तिथला शाबासकीचा अंगठा, देण्याचंही एक शास्त्र आहे. जोडीदाराचा सराव वाईट झाला तर अंगठा तीस सेकंदांत. बरा झाला तर जेवणानंतर. आपल्यापेक्षा चांगला झाला तर दुसऱ्या दिवशी, ‘रेंज नव्हती रे’ या खुलाशासकट.

काळजी घे हं

स्पर्धेला तीन आठवडे उरले की सराव कमी करायचा, शरीराला विसावा द्यायचा, असा नियम आहे. त्याला टेपर म्हणतात. या काळात शरीर ताजंतवानं होतं आणि मन पार बिघडतं. नसलेली दुखणी सुरू होतात. गुडघा कुरकुरतो, पोटरी ओढते, घसा खवखवतो. एवढं ऐकून जोडीदार कळवळून म्हणतो, ‘अरे, काळजी घे. उद्या येऊ नकोस. पूर्ण विश्रांती घे.’

आता या वाक्याचं काय करायचं? सल्ला शास्त्रशुद्ध आहे. कळवळाही खरा आहे. पण फोन ठेवल्याबरोबर हा विश्रांतीचा पुरस्कर्ता बूट घालून बाहेर पडलेला असतो, हेही खरंच आहे. त्याला आपण आजारी पडावं असं मुळीच वाटत नाही. आपण स्पर्धेत उतरावं, ती पूर्ण करावी, गळ्यात पदक घालावं, शेजारी उभं राहून फोटो काढावा, हे त्याला हवंच असतं. फक्त त्या फोटोत कोण आधी पोचला, हे दोघांच्या चेहऱ्यावरून ओळखू यावं, एवढीच त्याची माफक इच्छा.

वाढदिवसाच्या शुभेच्छा तर फारच हृद्य. आयर्नमॅनमध्ये पाच पाच वर्षांचे वयोगट असतात आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला तुमचं वय किती, त्यावर गट ठरतो. ४४ चा माणूस ज्या वर्षी ४५ चा होणार, त्या वर्षी ४०-४४ च्या गटातून उठून पुढच्या गटात जातो. त्याच्या वाढदिवसाला केक आणणारा, फुगे लावणारा आणि सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवणारा मित्र बहुतेक ४२ चा असतो.

बढाईचा जन्मसिद्ध हक्क

‘पण हा खेळ मुळात आध्यात्मिक आहे हो,’ असं कोणी म्हणालं, तर त्याला खेळाचं जन्मस्थान दाखवावं. हवाईतल्या ओआहू बेटावर धावपटू आणि जलतरणपटू यांच्यात वाद पेटला, जास्त तंदुरुस्त कोण? जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्यानं त्यात सायकलवाल्यांचीही काडी टाकली आणि सुचवलं, की तिथल्या तिन्ही लांब पल्ल्याच्या शर्यती एकापाठोपाठ एक करून बघा. म्हणजे पाया अध्यात्माचा नाही, पैजेचा. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण निघाले, बारा जण पोचले. आणि कॉलिन्सनं वाटलेल्या नियमांच्या कागदावर काय आश्वासन होतं? आयुष्यभर बढाई मारा! मोक्ष वगैरे काही नाही. आजही प्रत्येक हाऊसिंग सोसायटीच्या गणपतीत एक आयर्नमॅन स्टेजवर चढून सकाळच्या नाश्त्यापासून स्पर्धेची हकिगत सांगतो. तो त्या कागदाचं पालन करतोय. त्याला अडवू नये.

त्या पहिल्याच शर्यतीत गॉर्डन हॅलर आणि जॉन डनबार या दोघांची जुंपली. डनबार पुढे होता. पण त्याला मदत करणाऱ्या मंडळींकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. हॅलर जिंकला. डनबार अर्ध्या तासाहून जास्त मागे राहिला. स्पर्धेआधी ‘तू फक्त पळ, बाकी आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या मित्रांकडे तेव्हापासून सावधपणे बघायची पद्धत पडली असावी.

हरणाऱ्याची कमाई

आता जरा सरळ बोलू, कारण मुद्दा तिरका नाही. दोघांनी एकमेकांना हरवायचं ठरवलं की काय होतं, याचा सगळ्यात स्वच्छ हिशेब १४ ऑक्टोबर १९८९ ला हवाईतल्या कोनामध्ये लिहिला गेला. डेव्ह स्कॉटनं तोवर हवाईची आयर्नमॅन सहा वेळा जिंकली होती. मार्क ॲलननं सहा वेळा प्रयत्न करून एकदाही जिंकली नव्हती. ॲलननं त्या दिवशी साधा बेत केला: स्कॉटला सोडायचं नाही. पोहताना त्याच्या पायांमागे, सायकलीवर नजरेच्या टप्प्यात, धावताना खांद्याला खांदा. जवळजवळ आठ तास दोघं शेजारी शेजारी. शेवटचे दोन-तीन किलोमीटर उरले असताना चढावर ॲलन सुटला आणि ५८ सेकंदांनी जिंकला.

ही गोष्ट सगळे जिंकणाऱ्याची म्हणून सांगतात. मला हरणाऱ्याचा आकडा जास्त आवडतो. स्कॉटचाच आधीचा विक्रम होता ८ तास २८ मिनिटं ३७ सेकंद. त्या दिवशी तो हरला ८ तास १० मिनिटं १३ सेकंदांत. म्हणजे स्वतःचाच विक्रम अठरा मिनिटांहून जास्त फरकानं मोडून तो दुसरा आला! तिसरा आणखी वीसेक मिनिटांनी उगवला. ज्यांची स्पर्धा फक्त स्वतःशी असते, त्यांनी इथे थोडं थांबावं. स्वतःशी स्पर्धा करून स्कॉटनं १९८६ मध्ये जे मिळवलं होतं, त्यात अठरा मिनिटांची भर पडली ती शेजारच्या एका हट्टी माणसामुळे. आपण स्वतःला फार लवकर माफ करतो. जोडीदार करत नाही. त्याची फी तीच.

बारा मीटर

मैत्रीत अंतर किती असावं, यावर विचारवंतांनी पुष्कळ लिहिलं आहे. आयर्नमॅनच्या नियमपुस्तकानं हौशी मंडळींसाठी हा प्रश्न एका आकड्यात मिटवला: बारा मीटर. सायकल चालवताना पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवायचा नाही. त्याच्या पुढच्या चाकापासून आपल्या पुढच्या चाकापर्यंत बारा मीटर ठेवायचे. आत शिरलात तर पंचवीस सेकंदांत ओलांडून पुढे जायचं. नाहीतर पंच येतात, कार्ड दाखवतात आणि पाच मिनिटं तंबूत उभं करतात.

नियमाचा विनोद असा, की वर्षभर हे दोघं एकमेकांच्या मागे लपूनच तर सराव करतात. वाऱ्याला छाती कोणी द्यायची यावर पाळी असते आणि पाळी आली की एकाला हमखास टायर तपासायचा असतो. स्पर्धेच्या दिवशी मात्र मागे लपायची सोयच नाही. इतके दिवस कोण खरंच मेहनत करत होता आणि कोण मित्राच्या पाठीमागे बसून चाळीसचा वेग फेसबुकवर टाकत होता, ते ९० किलोमीटरनंतर गोव्याच्या उन्हात सगळ्यांना कळतं. तंबूतही गंमत असते. तिथे दोन मित्र शेजारी शेजारी पाच मिनिटं काढतात, आणि ‘तुझ्यामुळे’ हा शब्द दोघांच्याही ओठांवर असतो.

हातात हात घालून पोचण्याची हौसही नियमाला मंजूर नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोत ऑलिंपिकच्या छोट्या पल्ल्याची चाचणी शर्यत झाली. ब्रिटनच्या जेस लियरमंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राऊन या दोघी लीड्सला एकत्र सराव करणाऱ्या मैत्रिणी. बाकी सगळ्यांना मागे टाकून दोघी पुढे आल्या आणि हात धरून, हसत हसत रेषा ओलांडली. दोघीही बाद! जाणूनबुजून बरोबरी करायची नाही, असा नियमच आहे. तिसरी आलेली फ्लोरा डफी विजेती ठरली. आपल्याकडे असं झालं असतं तर नियमावर अग्रलेख आले असते आणि पंचांना भावना नाहीत, असं ठरलं असतं. त्या दोघींनी वेगळं केलं. दोन वर्षांनी त्याच टोकियोत, प्रत्यक्ष ऑलिंपिकमध्ये, वैयक्तिक शर्यतीत दोघी आपापल्या जोरावर धावल्या. टेलर-ब्राऊननं रौप्य घेतलं, लियरमंथ नववी आली. आणि त्यानंतर मिश्र रिलेत एकाच संघातून दोघींनी सुवर्ण आणलं. खेळात हात कधी धरायचा आणि कधी सोडायचा, याची वेळापत्रकं वेगळी असतात, इतकंच.

गटातला तिसरा

जोडीदारांच्या गोष्टीतला खरा धोका मात्र जोडीदार नाहीच. तो असतो गटातला तिसरा.

नॉर्वेच्या बर्गन परिसरातली तीन पोरं बघा. क्रिस्टियान ब्लुमेनफेल्ट, गुस्ताव इडेन आणि कॅस्पर स्टोर्नेस. वर्षानुवर्षं एकत्र सराव, एकत्र उंचावरची शिबिरं, एकाच टेबलावर जेवण. मेहनतीचं मोजमापही असं, की सरावाच्या मध्येच रक्ताचा थेंब काढून त्यातलं लॅक्टेट तपासायचं. आपल्याकडे ‘आज किती झोपलास’ याचं उत्तर मित्र खरं देत नाही, आणि तिकडे साक्ष द्यायला थेट रक्तच हजर!

२०२१ मध्ये ब्लुमेनफेल्टनं टोकियोत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये इडेननं कोनाची जागतिक आयर्नमॅन जिंकली ७ तास ४० मिनिटांत, आणि ब्लुमेनफेल्ट तिसरा आला. जगभर चर्चा या दोघांची. मित्र की वैरी, कोण सरस, पुढे काय? या सगळ्या गदारोळात तिसऱ्याचं नाव घ्यायला फारशी कोणाला सवड नव्हती. सप्टेंबर २०२५ मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात जागतिक आयर्नमॅन झाली. इडेन दुसरा, ब्लुमेनफेल्ट तिसरा. पहिला स्टोर्नेस!

आणि ही काही अचानक लागलेली लॉटरी नव्हती. २०१८ मध्ये छोट्या पल्ल्याच्या जागतिक मालिकेतल्या बर्म्युडाच्या शर्यतीतही हेच तिघं पहिल्या तीनमध्ये होते आणि तेव्हाही सगळ्यांच्या पुढे स्टोर्नेसच. सात वर्षं आधी दिलेली सूचना कोणी वाचली नाही, एवढंच.

तुमच्या गटातही असा एक आहे. राईडनंतर चहाचे पैसे तोच देतो. जादा ट्यूब त्याच्याच खिशात असते. फोटो तोच काढतो, त्यामुळे कुठल्याच फोटोत दिसत नाही. तुम्ही आणि तुमचा लाडका वैरी एकमेकांच्या घड्याळांत डोकावत असता, एकाचे वॅट दुसऱ्यापासून लपवत असता, आणि तो मागून दोघांचेही आकडे निवांत पाठ करत असतो. स्पर्धेच्या दिवशी एकविसाव्या किलोमीटरला तो तुम्हा दोघांना मागे टाकतो. जाता जाता ‘छान चाललंय, असंच ठेवा’ म्हणतो. याहून मोठा अपमान या खेळात नाही.

निवडीचे निकष

तेव्हा नवा हंगाम सुरू करणाऱ्यांसाठी हे सदर चार ओळींचा फुकट सल्ला देऊ इच्छितं. जोडीदार आपल्यापेक्षा थोडा वेगवान निवडावा. फार वेगवान निवडला तर तो थांबत नाही, हळू निवडला तर आपण थांबतो. जो तोंडावर ‘गोव्यात तुला गाडणार’ म्हणतो, त्याच्याशी मैत्री करावी. त्याच्या मनात लपवण्यासारखं काही उरलेलं नसतं. पंक्चर झालं तर त्याच्यासाठी थांबावं आणि ट्यूब द्यावी, पण हवा त्यालाच भरू द्यावी. आणि ज्याची स्पर्धा फक्त स्वतःशीच आहे, त्याला सन्मानानं एकटं सरावाला पाठवावं. त्याला मित्राची गरज नाही, आणि खरं म्हणजे शर्यतीच्या प्रवेश फीचीही नाही.

राहिला प्रश्न ओळखीचा. आपली जोडी नक्की जमली का, हे कसं समजायचं? शनिवारी रात्री त्याचा निरोप येईल: ‘उद्या जमणार नाही रे, पाहुणे आलेत. तू निवांत झोप.’ हा निरोप वाचून तुम्हाला झोप लागली, तर तो नुसता मित्र आहे. गजर अर्धा तास अलीकडे आणलात, तर जोडी जमली. तो घाटात भेटेलच.